डायरेक्ट केलेली तार

दुपारी ४. इंदापूर तालुक्यातलं आमचं अर्ध्या एकराचं शेततळं, सप्टेंबर महिना. सलग तिसऱ्या दिवशी ऊन नाही. मीटरवर प्राणवायू लिटरला ४.५ मिलिग्रॅम. या वेळेला तो ८ च्या आसपास तरी हवा. दिवसा ऊन मिळालं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि अंधार पडला की तेच माशांच्या बरोबरीने तो ओढायला लागतं. हे सगळं माहीत असून रोजच्यासारखं ६० किलो खाद्य टाकलं. खाल्लेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. पहिली चूक तिथेच झाली.

संध्याकाळी ७. पाण्यात हवा मिसळणारे दोन्ही एअरेटर चालू. तळ्यात रोहू-कटला मिळून ४,००० मासे, पाऊण किलोला आलेले. दिवाळीआधी जाळं टाकायचं होतं.

रात्री ११. मीटर ३.४. एअरेटरची चाकं फिरताहेत तोवर निभेल, असं म्हणून पाठ टेकली.

१२:४०. धो धो पाऊस, विजा. लाइनचा एक फेज गेला. थ्री फेजची मोटर अशा वेळी उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, तापते आणि जळते. ते टाळायला पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. आमच्याकडेही होता. पण आदल्या आठवड्यात तो सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून मीच वायरमनला सांगितलं होतं, "डायरेक्ट करून टाक." वीतभर तार जोडली, काम झालं. आता एअरेटरच्या दोन्ही मोटरींतून करपलेल्या वार्निशचा वास येत होता.

१:१५. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. डिझेल भरपूर होतं, पण फिरवायला एअरेटरच उरले नव्हते. बोअरची सिंगल फेज मोटर होती, ती तळ्यात सोडली आणि पाइपाने पाणी उंच उडवत ठेवलं.

३:३०. मीटर १.६. गडी बांधावरून ओरडला, "दादा, मासं वर आल्यात!" बॅटरी मारली तर जिकडे बघावं तिकडे तोंडं. कटल्याचा खालचा ओठ जाड, वर वळलेला. तो पाण्याला लावून मासे हवा ओढत होते. चपचप, चपचप. पाऊस थांबला होता, त्यामुळे तेवढाच आवाज. पाइपाच्या कोपऱ्यात तर एकावर एक चढलेले.

५:३०. मीटर ०.७. मोठे कटले आधी उलटे झाले. प्राणवायू कमी पडला की बहुधा मोठा मासा आधी जातो. त्यामुळे विषाची शंका घ्यायला जागा नव्हती.

सकाळी ९. ऊन पडलं होतं. काठावर ताडपत्री अंथरून मोजले, २,९०० मेलेले. खड्डा खणून चुना टाकून पुरले. वाचले ते बहुतेक पाइपाच्या कोपऱ्यातले.

तुमच्या तळ्यात मासे असतील तर हे वाचून झाल्यावर पॅनेल उघडून बघा. प्रिव्हेंटर डायरेक्ट केलेला दिसला तर ती तार आजच काढा. आणि आभाळ भरलेलं असेल तर आज खाद्य टाकू नका.