निवासी वाहनांतील बाष्पसंघनन व त्याचे निवारण

झोपण्याची, रांधण्याची व बैठकीची सोय असलेल्या मोटारीस अथवा मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या गाडीस निवासी वाहन किंवा कॅरव्हान म्हणतात. अशा वाहनाच्या काचांवर, टपाच्या आतील अंगास व गादीच्या तळाशी हवेतील बाष्प थंड पृष्ठभागाच्या स्पर्शाने पाणी होऊन साचते. व्यवहारात यालाच ‘गाडीला आतून घाम सुटणे’ असे म्हणतात. हौशी प्रवासासाठी मुद्दाम बांधलेल्या गाड्यांचा आद्य नमुना म्हणून १८८५ साली ब्रिस्टल येथे डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी तयार झालेल्या ‘द वाँडरर’ या घोड्यांच्या गाडीचा दाखला देतात. ती लाकडाची होती, आणि लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने हा उपद्रव त्या काळी बेताचाच असावा. पुढे पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या पत्र्याची वाहने आली. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णतावाहक असल्याने बाहेरची थंडी भिंतीतून थेट आत पोहोचू लागली आणि प्रश्नाला आजचे स्वरूप आले.

हवेची बाष्पधारणशक्ती तापमानानुसार बदलते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत अधिकात अधिक सुमारे १७ ग्रॅम, १० अंशांना ९.४ ग्रॅम, तर शून्य अंशाला ५ ग्रॅमहूनही कमी बाष्प राहू शकते. २० अंशांची व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा, जी माणसाला मुळीच दमट वाटत नाही, ती १२ अंशांच्या काचेस भिडताच संपृक्त होते. या १२ अंशांस त्या हवेचा दवबिंदू म्हणतात. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्याने १८१४ साली दवावरील आपल्या निबंधात दाखवून दिले, की दव आकाशातून पडत नसून निरभ्र रात्री उष्णता उत्सर्जित करून हवेहूनही थंड झालेल्या वस्तूंवर ते जमते. वाहनाचा टप हे या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण होय. उघड्या माळावर उभ्या केलेल्या गाडीचा टप चांदणी रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. तीच गाडी दाट झाडाखाली उभी केल्यास तो तितका निवत नाही.

हे पाणी येते कोठून, याचा हिशेब मांडल्याशिवाय उपाय सुचत नाहीत, आणि बहुतेक प्रवासी नेमका हाच हिशेब टाळून काचा पुसत बसतात. झोपलेला माणूस श्वास व त्वचा यांवाटे ताशी सुमारे ४० ग्रॅम बाष्प सोडतो. म्हणजे दोन माणसांचे आठ तासांत ६०० ग्रॅमहून अधिक. मध्यम आकाराच्या वाहनात १२ घनमीटर हवा धरली, तर २० अंशांना तिची एकूण धारणशक्ती २०० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि त्यातील निम्मी झोपण्यापूर्वीच खर्ची पडलेली असल्यास, वाहन पूर्ण बंदिस्त कल्पिले तर, दीड तासाच्या आतच हवा तुडुंब भरेल. स्वयंपाकाची भर निराळीच. वाफ तर उघड दिसते, परंतु ज्वाळेतून निघणारे पाणी दिसत नाही: प्रोपेनच्या ज्वलनात हायड्रोजनाचे पाणी होते आणि एक किलोग्रॅम वायूमागे सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी उत्पन्न होते. म्हणूनच धुराडे नसलेली गॅसची शेगडी उबेसाठी पेटवून ठेवणे हा या विषयातील सर्वांत घातक प्रमाद मानावा लागतो. तीत ओल तर वाढतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणावर बेतते. ओले कपडे आत वाळत घालणे व झाकणाविना पाणी उकळणे याही सवयी तितक्याच टाकाऊ होत.

निवारणाचा मुख्य उपाय वायुवीजन हाच आहे, आणि थंडीत खिडकी उघडावी हे सांगणे विपरीत वाटले, तरी त्याचे गणित निःसंशय आहे. बाहेर शून्य अंशाची दवभरली हवा असली, तरी तीत घनमीटरमागे ५ ग्रॅमच बाष्प असते. ती आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. आतील हवेत १० ग्रॅम बाष्प असल्यास प्रत्येक घनमीटराच्या अदलाबदलीत सुमारे ५ ग्रॅम पाणी बाहेर जाते, आणि दोन माणसांचे बाष्प काढून टाकण्यास ताशी पंधरा-सोळा घनमीटर हवा पुरते. त्यासाठी गमवावी लागणारी उष्णता जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या दिव्याइतकीच! एवढ्या किरकोळ खर्चाच्या भयाने सर्व फटी कापडाने बुजवणाऱ्या गृहस्थास सकाळी भिजलेले अंथरूण लाभते. हवेस येण्याचा मार्ग खाली व जाण्याचा मार्ग टपात असावा. उत्तर अमेरिकेतील वाहनांत टपाच्या १४ इंची चौकोनी झरोक्यात १२ व्होल्टचा पंखा बसवण्याची वहिवाट आहे. रांधताना व स्नानाच्या वेळी तो चालू ठेवावा. कायमचे झरोके कधीही बुजवू नयेत.

उष्णतेची तजवीज करताना, ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा डिझेलचा अथवा गॅसचा हीटर निवडावा, म्हणजे आत केवळ कोरडी ऊब येते.

उष्णतारोधनाचे काम नाजूक आहे. पत्रा व रोधक थर यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर उबदार दमट हवा तेथे शिरून नजरेआड पाणी साचते, आणि गंज व बुरशी यांचा सुगावा लागेपर्यंत नुकसान होऊन चुकलेले असते. यास्तव बंद छिद्रांचा फेस पत्र्याला पूर्णपणे चिकटवणे श्रेयस्कर. धातूच्या उघड्या फासळ्या राहिल्यास त्या उष्णतेचे सेतू बनतात व पाणी प्रथम तेथेच जमते. काचेवर आतून जाड पडदा लावल्याने ऊब टिकते खरी, पण पडद्यामागची काच अधिकच निवते आणि अधिक ओली होते. शक्य तेथे आच्छादन बाहेरून घालावे. गादीखाली फळ्यांऐवजी अंतर सोडून पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे तळास हवा लागते.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मुबलक मिळतात. बंद करून ठेवलेल्या वाहनात त्यांचा थोडा उपयोग होतो, पण वसतीच्या वाहनात तो जुजबी इलाज होय. एका रात्रीच्या श्वासाइतके पाणी टिपण्यास त्यांस कित्येक दिवस लागतात. विजेची सोय असेल तेथे आर्द्रताहारक यंत्र चांगले काम देते, मात्र कॉम्प्रेसरचे यंत्र थंडीत मंदावते आणि तेथे शोषकचक्राचे यंत्र वापरावे लागते. ओल पावसाच्या गळतीची की संघननाची, हे आधी ठरवावे: गळती पावसानंतर एकाच ठिकाणी दिसते, संघनन कोरड्या थंड रात्रीही सर्व निवलेल्या भागांवर.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी वाहने पावसाळ्यात कोकणात नेणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे, की शीतप्रदेशासाठी सांगितलेला नियम येथे उलटतो. २७ अंशांच्या व ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते आणि तिचा दवबिंदू २५ अंशांवर असतो. वातानुकूलन चालू असताना खिडकी उघडी ठेवल्यास थंड झालेल्या गाद्या, कपाटे व भिंती यांवर बाहेरचेच बाष्प येऊन बसते. तेव्हा वाहन बंद ठेवून यंत्रानेच पाणी बाहेर काढावे, रांधण्यापुरता पंखा लावावा, आणि काचेच्या बाहेरच्या अंगास जमलेल्या दवाची चिंता करू नये. ते दव आतले नव्हे.