श्वेत राष्ट्रवाद, ‘आर्य’ शब्द आणि बाबासाहेबांचे उत्तर

श्वेत राष्ट्रवाद म्हणजे काय?

देश गोऱ्या वंशाचा आहे, इतरांनी दुय्यम म्हणून राहावे किंवा निघून जावे, ही भूमिका म्हणजे श्वेत राष्ट्रवाद. हिटलरच्या पराभवानंतर ‘वंश’ हा शब्द बदनाम झाला. म्हणून आज हीच मंडळी ‘संस्कृती’, ‘ओळख’, ‘आमची भाषा’ असे सभ्य शब्द वापरतात. बाहेरचे लोक येऊन मूळ गोऱ्यांची जागा घेत आहेत, अशी मांडणी फ्रेंच लेखक रनो कामू यांनी २०११ मध्ये केली. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मशिदींवर हल्ला झाला आणि ५१ माणसे मारली गेली. हल्लेखोराच्या जाहीरनाम्याचे शीर्षक याच मांडणीवरून घेतलेले होते.

भाषेचा वंश कसा झाला?

संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन या भाषा एका कुळातल्या. १९व्या शतकात त्या कुळाला ‘आर्य’ म्हटले गेले आणि त्यातून ‘आर्य वंश’ कल्पिला गेला. मॅक्स म्यूलर यांनी १८८८ मध्ये स्पष्ट केले की आर्य ही भाषेची संज्ञा आहे, रक्ताची नाही. पण कल्पना थांबली नाही. टिळकांनी १९०३ मध्ये वैदिक आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचे मांडले. पुढे नाझींनी याच शब्दावर कत्तली उभारल्या.

अमेरिकेत भगतसिंग थिंद यांनी आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा दावा करून नागरिकत्व मागितले. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जातीचा अभिमान गोऱ्यांच्या दारात कामी आला नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

‘शूद्र पूर्वी कोण होते?’ (१९४६) या ग्रंथात बाबासाहेबांनी वेदांतील पुरावे तपासून आर्य वंशाचा सिद्धान्त नाकारला. हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला आहे. फुल्यांनी आर्य आक्रमणाच्या कथेतून ब्राह्मणी वर्चस्वावर प्रहार केला होता. गुरूला वंदन करूनही बाबासाहेबांनी ती कथा पुराव्यावर तपासली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांच्या आधारे दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही.

त्याआधी अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितले की गवत, किडे, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा असतात, माणसांत नसतात. ‘अरिय’ हा शब्दही त्यांनी जन्माकडून काढून आचरणाला जोडला.

आपल्या वस्तीतला प्रश्न

शीव म्हणजे हद्द. मुंबईच्या या हद्दीवर कोळ्यांचे जुने गाव, फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची वसाहत आणि आसपास तमिळ भाषकांच्या वस्त्या आहेत. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, तेव्हा दाक्षिणात्यांविरुद्ध ‘आमच्या नोकऱ्या घेतल्या’ ही भाषा मुंबईने ऐकली. मराठी माणसाची बेकारी खरी होती, पण तिचा दोष शेजाऱ्याच्या मातृभाषेवर टाकला गेला. ती वंशाची चळवळ नव्हती. तरी ‘आपले’ आणि ‘उपरे’ ही विभागणी तीच होती.

भाषेवर प्रेम करणे वेगळे आणि भाषेवरून माणूस हाकलणे वेगळे. कोणतेही भाषण ऐकताना एक प्रश्न विचारा: यात माणूस कृतीने मोजला जातो की जन्माने? जन्माने मोजला जात असेल, तर शब्द कितीही गोड असोत, तो वर्णवादच आहे. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. ‘आमचे रक्त मूळचे, त्यांचे परके’ असे म्हणून जातिव्यवस्थेला उत्तर देणारे तरुण बाबासाहेबांनी मोडलेले हत्यारच पुन्हा उचलतात. जात जन्माने येते असे मानणाऱ्यांशी आपला लढा आहे. तो जन्माच्याच भाषेत लढता येणार नाही.