विलिमोव्स्की खरेच गद्दार होता का?
फुटबॉलपटू एर्न्स्ट विलिमोव्स्कीवर पोलंडने मारलेला गद्दारीचा शिक्का पुराव्यापुढे टिकत नाही. १९१६ साली तो जन्मला तेव्हा त्याचे जन्मगाव काटोवित्से जर्मनीत होते; १९२२ मध्ये ते पोलंडकडे आले. १९३८ च्या विश्वचषकात त्याने ब्राझीलवर ४ गोल चढवले, तरी पोलंड ५-६ असे हरले. २७ ऑगस्ट १९३९ रोजी हंगेरीला ४-२ ने नमवताना ३ गोल त्याचेच. पाचव्या दिवशी युद्ध पेटले. पुढे जर्मनीकडून त्याने ८ सामन्यांत १३ गोल केले. नाझी राजवटीच्या संघात खेळणे निर्दोष कसे, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्याची आई ऑशविट्झच्या छळछावणीत होती. अशा मुलाच्या निर्णयाला राजीखुशीचा म्हणणे अन्यायाचे ठरते. सीमा बदलणाऱ्या राज्यकर्त्यांचा हिशेब एका खेळाडूकडून वसूल करता येत नाही.