‘फॉरमॅट मारणे’ : चिपळूणची बाजारपेठ, संगणकाचे दुरुस्तिकार आणि मराठी मजकूर

संगणकास व्हायरस ‘लागतो’, असे मराठी माणूस म्हणतो. तो ‘आला’ किंवा ‘शिरला’ असेही क्वचित ऐकू येते. पण रूढ क्रियापद ‘लागणे’ हेच होय. आंब्याला कीड लागते, माणसाला रोग लागतो, कोकणात एखाद्याला भूतही लागते. बाहेरची वस्तू येऊन चिकटते आणि ती काढण्यासाठी जाणत्याकडे जावे लागते, एवढे या सर्व प्रयोगांत समान आहे. शास्त्रीय परिभाषेने ‘विषाणू’ हा शब्द जीवशास्त्रातून उचलून संगणकाला लावला. त्याच्यामागोमाग ‘संसर्ग’ आणि ‘बाधा’ हेही आले. छापील पुस्तकांत ते स्थिरावले. दुरुस्तीच्या दुकानात मात्र ते पोचले नाहीत. तेथे काम करणाऱ्यांनी स्वतःची एक छोटी परिभाषा घडविली असून तिचे मध्यवर्ती क्रियापद ‘मारणे’ हे आहे.

व्हायरस मारतात, म्हणजे नष्ट करतात. विंडोजही मारतात, म्हणजे नव्याने चढवितात. आणि फॉरमॅट मारतात, म्हणजे हार्ड डिस्कवरील असेल नसेल ते पुसून ती कोरी करतात. पहिला प्रयोग वधवाचक आहे. उरलेले दोन शिक्का मारणे, रंग मारणे, झाडू मारणे यांच्या जातीचे. ‘व्हायरस मरत नाही, फॉरमॅट मारावा लागेल’ या वाक्यात दोन्ही अर्थ शेजारी येतात आणि ऐकणारा क्षणभरही गोंधळत नाही. हे वाक्य रूढ कसे झाले आणि संगणकावरील मराठी मजकुराचे त्याने काय केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

चिपळूण हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. वाशिष्ठीकाठच्या या बाजारपेठेत कुंभार्ली घाटाने कराडकडून आणि महामार्गाने मुंबई व गोवा या दोन्ही बाजूंनी माल येतो. गुहागर, खेड या तालुक्यांतील गावे येथे खरेदीसाठी उतरतात. अशा गावातील दुरुस्तिकार शाळा, पतसंस्था, छायाचित्रकार, लग्नपत्रिका जुळविणारा आणि ग्रामपंचायत या सर्वांचा एकच वैद्य असतो. महानगरात ज्या रोगाचे निरनिराळे तज्ज्ञ असतात, तो येथे एकाच टेबलावर येऊन पडतो.

रोगाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली अमेरिकेत स्वतःची प्रत काढणाऱ्या आज्ञावलीचे प्रात्यक्षिक केले. तिला ‘व्हायरस’ हे नाव त्यांचे गुरू लेन ॲडलमन यांनी सुचविले. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून पसरू लागला. त्यात लेखकांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होते, यावरून त्या काळचा भाबडेपणा कळतो. हार्ड डिस्कला तो हात लावीत नसे.

१९९० साली भारतात सापडलेला ‘जोशी’ याहून चिवट होता. तो हार्ड डिस्कच्या आरंभीच्या, संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसे. तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीतून जात नसे. ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टंकित केल्याखेरीज पुढे जाऊ देत नसे. शुभेच्छा दिल्या की काम सुरू. कर्त्याचा पत्ता लागला नाही. जोशी हे आडनाव महाराष्ट्राप्रमाणेच गुजरात, कर्नाटक आणि कुमाऊँतही आहे, तेव्हा केवळ नावावरून त्याला मराठी ठरविण्याचा मोह आवरावा हे बरे.

फ्लॉपीच्या या युगात दुरुस्तिकाराचे शस्त्र एकच होते : स्वच्छ फ्लॉपी. तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली म्हणजे तिच्यावर काही लिहिले जात नसे. संगणक प्रथम पूर्ण बंद करावयाचा, मग त्या फ्लॉपीवरून सुरू करावयाचा आणि तपासणी चालवावयाची, असा क्रम असे. चिकटपट्टी लावावयाचे राहिले तर पहिल्याच रोगी संगणकावर वैद्याची फ्लॉपी बाधित होई आणि तो पुढे जाईल तेथे रोग देत जाई. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांच्याच हातांवर बोट ठेवले होते. येथे हातांची जागा फ्लॉपीने घेतली, इतकेच.

दुरुस्तीच्या टेबलावरूनच औषधही निघाले, याचे उदाहरण पुण्याचे आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी शालेय शिक्षणानंतर गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या कामाला सुरुवात केली व पुढे स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरसचे प्रमाण वाढत चालले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. १९९२ च्या ६ मार्चला हार्ड डिस्क पुसणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने तोपर्यंत ग्राहकांच्या मनात पुरेशी भीती निर्माण केली होती.

खरा धडा २६ एप्रिल १९९९ रोजी मिळाला. तैवानमध्ये तयार झालेला आणि ‘चेर्नोबिल’ या नावाने ओळखला गेलेला व्हायरस विंडोज ९५ व ९८ च्या आज्ञावलींतील रिकाम्या जागांत स्वतःचे तुकडे भरून ठेवी. फाइलीचा आकार वाढत नसल्यामुळे संशय येत नसे. त्या दिवशी त्याने हार्ड डिस्कचा आरंभीचा सुमारे एक मेगाबाइट भाग पुसला आणि काही संगणकांतील बायोसची चिपही निकामी केली. अशा संगणकाचा पडदा काळाच राही. चिप काढून दुसरी बसवावी लागे अथवा तिच्यात पुन्हा लेखन करावे लागे. भारतात याचा फटका मोठा बसला. परंतु डिस्कवरील फाइलींच्या नोंदवहीची दुसरी प्रत पुसलेल्या भागापलीकडे असल्यास मजकूर परत मिळू शकत होता. ज्यांनी घाईने फॉरमॅट मारला, त्यांनी व्हायरसने सोडलेले स्वतःच्या हातांनी अवघड करून ठेवले.

कोकणात निदानाची आणखी एक अडचण असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतील ओलावा यंत्राच्या आत शिरतो. स्मृतिपट्टीची सोनेरी टोके काळवंडली की संगणक सुरू होत नाही, किंवा मध्येच अडकतो. त्यावर उपाय म्हणजे पट्टी काढून शाळकरी खोडरबराने टोके घासणे. विजेच्या चढउताराने वीजपुरवठ्याचा डबा अर्धमेला झाला तरी लक्षणे जवळजवळ तीच. ग्राहक मात्र सर्व प्रसंगी ‘व्हायरस लागला असेल’ हेच सांगतो. तेव्हा व्हायरसवाचून झालेला बिघाड वेगळा काढणे, ही दुरुस्तिकाराची पहिली विद्या होय. तिची कोठे परीक्षा होत नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.

यानंतरचे युग पेन ड्राइव्हचे. छायाचित्रे, गाणी, प्रवेशअर्ज, लग्नपत्रिकेचा मसुदा, सर्व काही याच बोटभर वस्तूतून दुकानोदुकानी फिरू लागले. ती खोचताच तिच्यावरील आज्ञा आपोआप चालविण्याची विंडोजची सोय व्हायरसांच्या पथ्यावर पडली. मायक्रोसॉफ्टने ही सोय जुन्या विंडोजमध्ये २०११ साली आवरती घेतली. फोल्डरचे चित्र धारण केलेली फाइल प्रत्यक्षात आज्ञावली असे. खरे फोल्डर लपविले जात आणि त्यांच्या जागी तशीच दिसणारी खोटी चित्रे ठेवली जात. ग्राहक ‘फोटो उडाले’ म्हणून येई. ते उडालेले नसत, झाकलेले असत, आणि एका ओळीच्या आज्ञेने परत दिसू लागत. ही ओळ पुष्कळ दुरुस्तिकारांना तोंडपाठ असते.

२००५ मध्ये इंडोनेशियातून निघालेल्या ‘ब्राँटोक’सारख्या व्हायरसांनी तर आधी दुरुस्तिकाराची हत्यारेच काढून घेतली. चालू कामांची यादी उघडत नसे, लपलेल्या फाइली दाखविणारा पर्याय नाहीसा होई, नोंदपुस्तिकेत प्रवेश मिळत नसे. ‘सॅलिटी’ हा संगणकावरील आज्ञावलीच्या फाइलींना एकेक करून लागे, आणि त्यांत व्हायरसविरोधी आज्ञावलीही सुटत नसे. अशा वेळी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावयाची आणि तेथून तपासावयाची, हा योग्य मार्ग. त्याला वेळ लागतो, आणि शेवटी व्हायरस निघून आज्ञावल्या मोडक्या उरतात. मजुरी घड्याळावर नसून नगावर असते आणि बाहेर गिऱ्हाईक उभे असते. फॉरमॅट हा उपाय आळसातून आला, असा आरोप शहरी तज्ज्ञ करतात. तो अन्यायाचा आहे. त्या टेबलावर तो बहुधा एकमेव परवडणारा उपाय होता.

रीत अशी की ‘सी’ हा भाग पुसावयाचा आणि ग्राहकाच्या फाइली ज्यात आहेत तो ‘डी’ राखावयाचा. पण ‘डी’ वर दडलेली छोटी आज्ञा तशीच राही. नव्या विंडोजमध्ये त्या भागावर दोनदा टिचकी मारली की रोग पुन्हा हजर. म्हणून जाणते दुरुस्तिकार उजव्या कळीने तो भाग उघडीत. नवशिक्याला आठवड्याने तोच संगणक परत येई आणि दुकानाचे नाव खराब होई.

आता मराठी मजकुराकडे वळू. युनिकोडपूर्वी, आणि युनिकोड आल्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठी लेखन ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, ‘कृतिदेव’ अथवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’ यांच्या फॉण्टमध्ये होत असे. या फॉण्टांची युक्ती सोपी होती : रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवावयाचे. कृतिदेवमध्ये ‘क’ चे चित्र रोमन ‘डी’ च्या जागी, ‘म’ चे ‘ई’ च्या जागी आणि ‘ल’ चे ‘वाय’ च्या जागी आहे. म्हणजे ‘कमल’ लिहिले तर फाइलीत डी, ई, वाय ही तीन अक्षरे साठतात. मराठी मजकूर फाइलीत नसतोच. तो फाइल आणि फॉण्ट यांच्या भेटीत असतो. प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असल्याने एकाचा फॉण्ट दुसऱ्याच्या फाइलीस चालत नसे.

हे फॉण्ट ‘सी’ वर असत. फॉरमॅट मारला की ते जात. ‘डी’ वरील फाइल जशीच्या तशी शाबूत. पण उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि अंक यांचा ढीग. व्हायरस काढावयास दिलेला संगणक परत आला आहे, आणि शाळेचा निकाल किंवा संस्थेचे इतिवृत्त असे दिसते आहे. मग ग्राहकाने काय समजावे? ‘फाइलीलाही व्हायरस लागला’ हेच. तपासणीत काही सापडत नसे, कारण सापडण्याजोगे काही नव्हतेच. बिघडलेली म्हणून फाइल पुसून टाकली जाई, आणि मजकूर त्या क्षणी, प्रथमच, खरोखर नष्ट होई. व्हायरसने मजकूर कसा नष्ट होतो याची कल्पना यावयास १२ मे २०१७ चा ‘वॉनाक्राय’ पाहावा. त्याने फाइली कूटबद्ध करून खंडणी मागितली. तेथे अक्षरे खरोखर बदललेली होती. कृतिदेवच्या फाइलीत एकही अक्षर बदललेले नसे.

युनिकोडने ही फाटाफूट मिटविली, पण एकदम नव्हे. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. विंडोज मारताना ती खूण राहिली की युनिकोडमधील मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. रोमन ढीग, चौकोन आणि खरी खराबी ही तीन रूपे वेगवेगळी ओळखणारा दुरुस्तिकार आणि न ओळखणारा यांच्यात एका पिढीच्या कागदपत्रांचे अंतर होते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ नंतर, ही खूण करण्याची गरज उरली नाही. तरी एक्सपी दुकाने व कार्यालये यांत पुढे बरीच वर्षे चालू राहिली.

ग्राहकांच्या तक्रारींतूनच दुकानातली रीत बदलली. फॉरमॅटपूर्वी फॉण्टांचे फोल्डर दुसरीकडे उतरवून घेणे आणि ‘मराठीचं कुठलं सॉफ्टवेअर आहे? सीडी आहे का?’ असे विचारणे हा कामाचा भाग झाला. पडद्यावरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे ‘डेस्कटॉप’वर, ठेवलेल्या फाइलीही ‘सी’ वरच असतात, हे ग्राहकाला समजावून सांगणे त्याहून कठीण गेले.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराच्या ग्रंथांचीही हानी झाली. अशा पुरात भिजलेली हार्ड डिस्क वीज न जोडता स्वच्छ करून तज्ज्ञाकडे दिली, तर तिच्यावरील मजकूर कधी कधी निघतो. पण तो वीस वर्षांपूर्वीचा असेल, तर गाळातून निघालेली फाइल पुन्हा त्याच रोमन ढिगात उघडते. कृतिदेवसारख्या परिचित मांडणीसाठी रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आज उपलब्ध आहेत. अडचण येते ती कोणता फॉण्ट होता हे ग्राहकाला आठवत नसते तेव्हा. काही लेखनप्रणालींबरोबर संगणकामागे खोचावयाचे एक कुलूपही येत असे, आणि त्यावाचून त्या उघडत नसत. ते कुलूप एखाद्या दुकानाच्या खणात अजून सापडते. ते ज्या रुंद खाचेत बसत असे, ती खाच आताच्या संगणकांना नसते.