चौकटीचा कल : ओसलिव्हनची निसर्गदृश्ये आणि रचनेचा प्रश्न

१

१८६९ साली अमेरिकेतील यूटा प्रांताच्या वेबर खोऱ्यात टिमथी ओसलिव्हन या छायाचित्रकाराने 'विचेस रॉक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांची छायाचित्रे घेतली. चाळिसाव्या अक्षवृत्तालगतच्या प्रदेशाची भूशास्त्रीय पाहणी करण्यासाठी क्लॅरन्स किंग याच्या नेतृत्वाखाली एक सरकारी पथक १८६७ पासून काम करीत होते; ओसलिव्हन हा त्या पथकाचा छायाचित्रकार. १९७८ साली रिक डिंगस हा छायाचित्रकार यांतील एका चित्राचे पुनर्छायाचित्रण करण्यासाठी त्याच जागी गेला. ओसलिव्हनचा कॅमेरा नेमका कोठे उभा होता हे त्याने खडकांच्या परस्परांतील अंतरांवरून निश्चित केले. जागा जुळली, पण चित्र जुळेना. कॅमेरा समतल न ठेवता एका बाजूस कलता केला, तेव्हा कोठे जुने दृश्य चौकटीत आले. ओसलिव्हनने आपला कॅमेरा तिरपा धरला होता. टेकडीचा जो उतार शंभराहून अधिक वर्षे निसर्गाचा म्हणून पाहिला गेला, त्यात कॅमेऱ्याचा उतार मिसळलेला होता. चौकटीच्या आत मात्र या कलाची शंका यावी अशी कोणतीही खूण नव्हती.

ही गोष्ट तांत्रिक तपशिलाची वाटली, तरी तिच्यातून एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. सरकारी पाहणीचा दस्तऐवज म्हणून घेतलेल्या चित्रात अशी निवड आढळली, की त्या चित्राला काय म्हणावे? रचना दिसली म्हणून त्याला कलाकृती मानावे, की ते कामासाठी घेतले होते म्हणून रचनेचा विचारच गौण ठरवावा? निसर्गछायाचित्रणाच्या समीक्षेत ही दोन्ही उत्तरे दिली गेली आहेत. ओसलिव्हनच्या चित्रांचा इतिहास पाहिला असता दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे दिसते.

२

ओसलिव्हनच्या काळात छायाचित्रकाराला नेमकी कोणती निवड करता येत होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. तो ओल्या कलोडियन पद्धतीने काम करीत असे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, आणि ती ओली आहे तोवरच, म्हणजे काही मिनिटांत, चित्र घेऊन ते विकसित करायचे. त्यामुळे अंधारखोली बरोबर न्यावी लागे. शिवाय छाप काचेला थेट कागद लावून काढला जाई, म्हणून चित्राचा आकार हाच काचेचा आकार. किंगच्या पथकासाठी ओसलिव्हन सुमारे ९ बाय १२ इंचांच्या काचा वापरीत असे. चित्र मोठे करून त्यातील हवा तो भाग निवडावा, ही पुढील काळातील सोय व्यवहारात त्याला उपलब्ध नव्हती. काय चौकटीत यावे आणि काय वगळावे याचा निर्णय प्रामुख्याने उभे राहण्याच्या जागेतूनच होत असे. या अर्थाने त्या काळातील रचना ही आधी पायांनी आणि मग डोळ्यांनी केलेली रचना होती.

दुसरी मर्यादा आकाशाची. कलोडियन निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि तांबड्या रंगाला जवळजवळ असंवेदनशील असल्यामुळे तांबडे खडक काळवंडत, तर आकाश पांढरेफटक येई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर उपाय म्हणून समुद्र आणि ढग यांच्या दोन वेगळ्या काचा एकाच छापात जोडल्या होत्या. अमेरिकेच्या पश्चिमेत मायब्रिजनेही ढगांच्या स्वतंत्र काचा वापरल्या. ओसलिव्हनने बहुधा आकाश कोरेच ठेवले, आणि त्या कोरेपणालाच आकाराचे मूल्य दिले. डोंगराची कडा पांढऱ्या पृष्ठभागावर कापल्यासारखी उमटते; खोलीचा भास कमी होतो आणि आकृतीचे भान वाढते. तंत्राची उणीव येथे रचनेचे साधन झाली.

१८६७ साली नेव्हाडातील कार्सन वाळवंटात घेतलेले वाळूच्या टेकड्यांचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चार खेचरे जोडलेली एक गाडी वाळूत उभी आहे. तीच छायाचित्रकाराची फिरती अंधारखोली. गाडीपासून पावलांचे ठसे प्रेक्षकाच्या दिशेने आलेले दिसतात. चित्र घेणारा चौकटीत नाही, पण तो कोठून आला आणि कोठे उभा राहिला याचा मजकूर वाळूवर उमटलेला आहे. चित्र आपल्या निर्मितीची कथा स्वतःच सांगते. ही कथा योजून मांडली की अनायासे घडली, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. ठसे टाळून दुसरीकडे कॅमेरा लावणे शक्य होते आणि ते केले गेले नाही, एवढे निश्चित.

३

१८८२ साली ओसलिव्हन क्षयाने मरण पावला, आणि त्याची चित्रे सरकारी अहवालांत व आल्बमांत पडून राहिली. त्यांचा पुनःशोध छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स याच्यामुळे झाला. त्याच्याजवळचा ओसलिव्हनच्या चित्रांचा आल्बम त्याने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील बोमंट न्यूहॉल यांच्या नजरेस आणला, आणि १९४२ साली त्या संग्रहालयात यादवी युद्ध व अमेरिकेचा सीमाप्रदेश यांवरील छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. १९६३ साली जॉन शारकोव्हस्की यांनी याच संग्रहालयात अमेरिकन निसर्ग आणि छायाचित्रकार या विषयावर प्रदर्शन योजले, तेव्हा ओसलिव्हनला परंपरेतील मानाचे स्थान लाभले. १९७० च्या दशकात हे स्थान पक्के झाले. कोरे आकाश, सपाट झालेला अवकाश, मानवी खुणांचे विरळपण या सर्वांतून आधुनिकतावादी दृष्टीला आपला एक पूर्वज सापडला.

या वाचनाला रोझलिंड क्राउस यांनी १९८२ साली ठाम आक्षेप घेतला. त्यांच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी एकाच दृश्याची दोन रूपे आहेत. ओसलिव्हनने नेव्हाडातील पिरॅमिड सरोवरातील चुनखडीच्या घुमटाकार खडकांचे छायाचित्र घेतले; त्यावरून केलेले शिलामुद्रित चित्र १८७८ साली किंगच्या भूशास्त्रविषयक ग्रंथात छापले गेले. छायाचित्रात पाणी आणि आकाश यांची सीमा जवळजवळ पुसली गेली आहे आणि खडक अधांतरी तरंगल्यासारखे दिसतात. शिलामुद्रकाने आकाशात ढग घातले, पाण्यावर लहरी काढल्या आणि खडकांना ठरीव जागेवर बसवले. आजच्या रसिकाला पहिले चित्र श्रेष्ठ आणि दुसरे सामान्य वाटते. क्राउस यांच्या मते हा गुणवत्तेचा भेद नसून चर्चाविश्वांचा भेद आहे: एक चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर वाचले जाते आणि दुसरे भूशास्त्राच्या पानावर. ओसलिव्हनच्या काळात अशा चित्रांना 'निसर्गचित्र' न म्हणता 'दृश्य' म्हणत. दृश्याची जागा भिंतीवर नव्हती. ती कपाटाच्या खणात, नोंदींच्या व्यवस्थेत होती. म्हणून कलावंत, कलाकृती, समग्र निर्मिती यांसारख्या संज्ञा या चित्रांवर लादणे हा कालविपर्यास होय.

क्राउस यांच्या आक्षेपाने समीक्षेचे मोठे काम केले यात शंका नाही. पण एक अडचण उरते. अर्थ जर सर्वस्वी चर्चाविश्वातून येत असेल, तर विचेस रॉक्सच्या चित्रातील कलाचे काय करायचे? तो कल भिंतीने निर्माण केलेला नाही आणि कपाटानेही नाही. १८६९ साली एका माणसाने कॅमेऱ्याचे पाय एका विशिष्ट रीतीने रोवले, एवढी ती मूर्त गोष्ट आहे.

४

हा कल उघड झाला तो मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुनर्छायाचित्रण प्रकल्पामुळे. १९७७ ते १९७९ या काळात या गटाने एकोणिसाव्या शतकातील पाहणीचित्रांच्या १२० हून अधिक जागा शोधल्या आणि तेथून, शक्य तेथे त्याच ऋतूत व त्याच प्रकाशात, पुन्हा छायाचित्रे घेतली. १९८४ साली हे काम 'सेकंड व्ह्यू' या ग्रंथात प्रसिद्ध झाले. समीक्षेच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व असे की वगळलेल्या शक्यता तीमुळे पुन्हा दिसू लागतात. साहित्याच्या अभ्यासात हस्तलिखिताचे पाठभेद जे काम करतात, तेच येथे जागा करते. लेखकाने खोडलेली ओळ सापडली की ठेवलेल्या ओळीचा अर्थ बदलतो, त्याचप्रमाणे समतल कॅमेऱ्याने दिसणारा उतार पाहिला की कललेला उतार हा निर्णय म्हणून वाचावा लागतो.

हा निर्णय कोणत्या हेतूने झाला? किंग हा केवळ उत्क्रांतीच्या संथ गतीवर विश्वास ठेवणारा भूशास्त्रज्ञ नव्हता. पृथ्वीचे आजचे रूप प्रचंड उलथापालथींतूनही घडले, असे त्याने १८७७ साली येल येथील व्याख्यानात आग्रहाने मांडले. कललेल्या भूमीचे चित्र या सिद्धान्ताला साजेसे आहे. म्हणजे ज्या निवडीत आधुनिकतावादी समीक्षकाला स्वायत्त कलादृष्टी दिसते, ती कदाचित मालकाच्या सिद्धान्ताला दिलेले दृश्य उत्तर असेल. पण उत्तर झाले तरी ते कुणीतरी रचावे लागते. रॉबिन केल्सी यांनी 'आर्काइव्ह स्टाइल' या २००७ मधील ग्रंथात पाहणीचित्रांची शैली ही प्रशासकीय गरजा आणि चित्रकर्त्याची कल्पकता यांच्या संबंधातून घडली, अशी मांडणी केली आहे, ती या संदर्भात उपयुक्त ठरते.

रचनेचा असा विचार केला की चौकटीने काय वगळले, हा प्रश्नही नैतिक बळ घेऊन पुढे येतो. १८७३ साली लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर याच्या पाहणीपथकाबरोबर ओसलिव्हन कॅन्यन द शे या दरीत गेला. तेथील प्राचीन अवशेषांचे त्याचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. कड्याचा उभा पृष्ठभाग संपूर्ण चौकट व्यापतो. आकाशाला जागाच नाही. तिरप्या प्रकाशात दगडावरील रेषा उमटल्या आहेत. कपारीत प्राचीन वस्तीच्या भिंती आहेत, आणि नीट पाहिल्यास माणसांच्या चिमुकल्या आकृती दिसतात. शीर्षकात कपारीची उंची ५० फूट अशी नोंदवलेली आहे. चित्राची भव्यता आणि मोजमापाची कोरडी भाषा एकमेकींना लागून उभ्या आहेत. १९४० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅडम्सने जवळजवळ त्याच जागेवरून हे दृश्य पुन्हा टिपले.

मात्र ही दरी केवळ प्राचीनांची नव्हती. ती नाव्हाहो लोकांची भूमी. १८६४ च्या जानेवारीत किट कार्सनचे सैन्य येथे शिरले होते. त्यानंतर हजारो नाव्हाहोंना शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदो येथे नेण्यात आले आणि १८६८ च्या तहानंतर ते परतले. म्हणजे चित्र घेतले गेले तेव्हा हे परतणे अवघे पाच वर्षांचे होते. त्याच १८७३ साली ओसलिव्हनने फोर्ट डिफायन्सजवळ मागासह बसलेल्या नाव्हाहोंचे छायाचित्र घेतलेले आहे. माणसे त्याला दिसत नव्हती असे नाही. पण भूमी एका चित्रात आणि माणसे दुसऱ्या चित्रात अशी विभागणी झाली. भूमीच्या चित्रात भूतकाळ राहिला आणि वर्तमान बाहेर गेला. दरीचे आजही मनावर ठसणारे सौंदर्य काही अंशी या विभागणीवर उभे आहे. ते खोटे नाही, पण निरपराधही नाही.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचे स्वरूप बखरींच्या चर्चेतून परिचित आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली बखर इतिहासाचे साधन म्हणून तपासली गेली आणि गद्यवाङ्मय म्हणून आस्वादलीही गेली. एका वाचनाला तिची शैली अडथळा वाटली, तर दुसऱ्याला तिची आज्ञाबद्धता विसरावीशी वाटली. वस्तुतः ती शैली आज्ञेच्या चौकटीतच आकाराला आलेली होती. ओसलिव्हनच्या चित्रांबाबतही कला आणि दस्तऐवज हे दोन निरनिराळे पदार्थ नाहीत. न्यू मेक्सिकोतील इन्स्क्रिप्शन रॉकवरील १७२६ च्या स्पॅनिश लेखाचे १८७३ साली चित्र घेताना त्याने लेखाखाली मोजपट्टी ठेवली. ती पट्टी मोजमापासाठी आहे, आणि तीच चित्रातील ठळक आडवी रेषाही आहे. तिची ही दोन्ही कार्ये एकत्र वाचणे, आणि चौकट कोणाच्या कामासाठी कोणत्या बाजूला कलली हे प्रत्येक वेळी नव्याने तपासणे, एवढे काम निसर्गछायाचित्राच्या समीक्षेपुढे उरते.