खिशातला कॅमेरा आणि परभणीचे ऊन

खिशात सहज मावणारा डिजिटल कॅमेरा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचला आणि दुसऱ्या दशकात मोबाइलमुळे तितक्याच वेगाने कपाटात गेला. २०१० मध्ये जगभरातील कंपन्यांनी सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठविले होते. २०२३ पर्यंत हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. गंमत अशी की, त्याच सुमारास तरुण पिढीने हे जुने कॅमेरे पुन्हा शोधून काढले. ज्यांच्या घरी असा कॅमेरा अजून पडून आहे किंवा जुन्या बाजारातून तो घेण्याचा ज्यांचा विचार आहे, अशा हौशी मंडळींसाठी ही माहिती आहे. यातील उदाहरणे परभणी जिल्ह्यातील आहेत. सपाट काळी जमीन, कडक ऊन, गोदावरी आणि पूर्णेचे खोरे, यादवकालीन मंदिरे आणि बारवा असलेला हा जिल्हा लहान कॅमेऱ्याच्या गुणदोषांची चांगली परीक्षा घेतो.

परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानात छायाचित्रण ही प्रथम दरबाराची कला होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेले राजा दीनदयाळ हे तिचे सर्वांत मोठे नाव. सामान्य घरात कॅमेरा यायला बराच काळ जावा लागला. तो आला बहुधा ‘आग्फा क्लिक थ्री’च्या रूपाने. बडोद्यात तयार होणाऱ्या या साध्या पेटीवजा कॅमेऱ्यात एका रोळावर १२ चौकोनी छायाचित्रे निघत. पुढे ३५ मिलिमीटरचा ३६ छायाचित्रांचा रोळ आला, तरी रोळ संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही ही काटकसर कायम राहिली. दिवाळीत घातलेला रोळ उन्हाळी सुटीत धुतला जाई. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण कशावरून आली याचे अनेक तर्क आहेत. पण रोळाच्या काळातील हौशी छायाचित्रकाराची मनःस्थिती तिच्या पूर्वार्धात नेमकी सापडते. डिजिटल कॅमेऱ्याने ही टांगणी संपविली. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात एक छायाचित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. तीसएक वर्षांत ते काम निमिषात आणि फुकटात होऊ लागले. मात्र फुकट झाल्यामुळे पाहणे कमी झाले आणि बटण दाबणे वाढले, हेही खरे.

छोट्या कॅमेऱ्याची ताकद आणि मर्यादा त्याच्या संवेदकाच्या आकारात आहे. बहुतेक खिशातल्या कॅमेऱ्यांतील संवेदक साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ३५ मिलिमीटर रोळाच्या एका चौकटीच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे तिसावा हिस्सा भरते. त्यामुळे अंधारात चित्र रवाळ येते. उलट, भरपूर उजेडात जवळच्या फुलापासून दूरच्या झाडापर्यंत सर्व काही एकाच वेळी स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्याला यासाठी बरीच यातायात करावी लागते. थोडक्यात, हा उन्हातला कॅमेरा आहे, आणि उन्हाच्या बाबतीत परभणीकरांना कोणाकडे हात पसरावे लागत नाहीत.

मेगापिक्सेलच्या आकड्याला दुकानदारांनी अवास्तव महत्त्व दिले. सहा बाय चार इंचांच्या उत्तम छापील प्रतीसाठी १८०० बाय १२०० बिंदू, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. पाच मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यातून आठ बाय सहा इंचांची प्रत निर्धास्त काढता येते. डिजिटल झूम मात्र कायमचा बंद करून ठेवावा. तो चित्राचा मधला तुकडा कापून ताणतो, एवढेच. तेच काम घरी संगणकावर अधिक विचारपूर्वक करता येते.

परभणी १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे १५ ते २० मेच्या दरम्यान जिल्ह्यात सर्वत्र एक दिवस असा येतो की, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. घड्याळात त्या वेळी १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास झालेले असतात. अशा उन्हात माणसांचे छायाचित्र घेतले, तर भुवयांखाली दोन काळे खड्डे दिसतात. अशा वेळी माणसाला कडुनिंबाच्या सावलीत किंवा ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून बसवावे. उन्हातच घेणे भाग असेल, तर फ्लॅश सक्तीने चालू करावा. भर दुपारी फ्लॅश कशाला, असे बघ्यांना वाटते. पण दोन-तीन मीटरच्या आतील चेहऱ्यावरील सावल्या तोच उजळतो. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीही जेमतेम ४७ अंश वर चढतो. दिवसभर सावल्या लांब राहतात, भिंतींचे पोत दिसतात, नांगरटीच्या सऱ्या उठून येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने जिल्ह्यात फिरून छायाचित्रे घेण्याचे खरे महिने.

याच काळात कापसाची वेचणी चालते आणि इथे स्वयंचलित कॅमेरा हमखास फसतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व जग सरासरी करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरतो. मानवतच्या बाजारात पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेली गाडी समोर आली की, ‘उजेड फार झाला’ असे समजून तो चित्र काळपट करतो. कापूस मळका दिसतो. आणि नुकतीच नांगरलेली काळी कसदार जमीन दिसली की, उलट तिला राखाडी करून टाकतो. यावर उपाय जवळजवळ प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात असतो. अधिक-उणे चिन्हाचे बटण किंवा यादीतील त्याच चिन्हाची पट्टी शोधावी. कापसासाठी ती अधिक दोन-तृतीयांश ते एकवर न्यावी, काळ्या रानासाठी तितकीच उणे करावी. पांढरे असेल तर वाढवा, काळे असेल तर घटवा, हा नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. एकदा वापरून पाहिला की विसरत नाही. काम झाल्यावर पट्टी पुन्हा शून्यावर आणावी, नाही तर दिवसभराची चित्रे बिघडतात.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव म्हणजे शिल्पाची हौस असलेल्यांसाठी पर्वणी आहे. येथील यादवकालीन मंदिरे आणि एकटाच उभा असलेला कोरीव स्तंभ सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. प्रकाश बाजूने आला तरच दगडातली खोली दिसते; समोरून आला की कोरीवकाम सपाट होते. स्तंभाच्या पायाशी उभे राहून कॅमेरा वर केला तर तो मागे कलंडल्यासारखा येतो. त्याऐवजी शक्य तितके मागे जावे, झूम थोडा पुढे घ्यावा आणि कॅमेरा सरळ धरावा. गंगाखेड तालुक्यात धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. बाह्यभिंतींवरील मूर्तींसाठी तेथेही हीच युक्ती. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहांमध्ये आधी परवानगी विचारावी. आत फ्लॅशने काढलेले चित्र ओशाळवाणे येते. कॅमेरा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, हात न लावता काढलेले चित्र कितीतरी शांत येते.

सेलू तालुक्यातील वालूरची बारव मात्र वेगळ्या तऱ्हेने हाताळावी लागते. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली पाण्यापर्यंत जातात, अशी रचना क्वचितच पाहायला मिळते. सकाळी वा संध्याकाळी वरचा काठ उन्हात आणि तळ अंधारात असतो; छोट्या संवेदकाला हे दोन्ही एकदम पेलत नाही. एक तर काठ पांढरा फटक होतो किंवा तळ काळा. म्हणून एरवी टाळावी ती भर दुपारची वेळ येथे उपयोगी पडते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असताना उजेड थेट तळाशी पोहोचतो आणि पायऱ्यांचे वेटोळे पूर्ण दिसते. ढगाळ दिवसही चालतो. काठावर वाकून चित्र घेण्याचा मोह कोणालाही होईल. कॅमेऱ्याचा दोर मनगटात असावा आणि सोबत कोणीतरी असावे.

गंगाखेड गोदावरीच्या दक्षिण काठावर वसले आहे. संत जनाबाईंच्या या गावातील घाटावर उभे राहिले की, नदी उत्तरेला येते आणि हिवाळाभर सूर्य पाठीशी राहतो. त्यामुळे पैलतीर आणि पाणी दिवसभर नीट उजळलेले मिळते. घाटावरची माणसे मात्र उगवतीच्या दिशेने टिपावीत; धुके असेल तर त्यांच्या आकृत्या नुसत्या रेषांनी उमटतात. परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तेथील आकाशपाळण्याच्या दिव्यांसाठी ‘आतषबाजी’चे चिन्ह असलेली सोय वापरावी. त्यात शटर सेकंदभर किंवा अधिक उघडे राहते आणि फिरणाऱ्या दिव्यांची वर्तुळे होतात. कॅमेरा मात्र एखाद्या भिंतीवर ठेवलेला हवा. येलदरी धरणाच्या परिसरात आधी फलक वाचावेत. धरणाची भिंत आणि वीजगृह यांची छायाचित्रे घेण्यास अनेक ठिकाणी मनाई असते.

माणसांच्या बाबतीत फलक नसतो, म्हणून विचारण्याची जबाबदारी अधिक. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया, घाटावर स्नान करणारे लोक, दर्ग्यात नवस बोलणारी आई ही दृश्ये सुंदर असतात, पण ती आपली नसतात. ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढे विचारले तरी बहुतेक वेळा होकार मिळतो. मागचा पडदा दाखवून काढलेले चित्र त्यांना पाहू द्यावे. गावाकडे पुन्हा जाणे होणार असेल तर छापील प्रत नेऊन द्यावी. ज्या घरात आजोबांचे एकही छायाचित्र नाही, तेथे त्या सहा बाय चारच्या कागदाला जी किंमत असते, तिचा अंदाज शहरात बसून येत नाही.

हौशी चित्रांचे खरे मोल पुष्कळदा काढणाऱ्याला कळतच नाही. २०२० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात बारवांची स्वच्छता लोकसहभागातून सुरू झाली. वालूरच्या बारवेतील गाळही गावकऱ्यांनीच उपसला. अशा प्रत्येक ठिकाणी ‘पूर्वी कसे होते’ हा प्रश्न येतो आणि उत्तर कुणाच्या तरी सहलीच्या चित्रातच सापडण्याची शक्यता असते. पडका वाडा, गावाची वेस, रुंदीकरणात गेलेली वडाची रांग, बंद पडलेले चित्रपटगृह यांची सरकारी नोंद अनेकदा नसतेच. म्हणून देखणे तेवढेच टिपू नये. वर्षातून एकदा त्याच जागेवर उभे राहून आपली गल्ली, आपला बाजार टिपावा. आणि कॅमेऱ्यातील तारीख बरोबर लावावी. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काही दिवस काढून ठेवली की, त्याचे घड्याळ कारखान्यातील तारखेवर जाते आणि कालचे चित्र वीस वर्षांपूर्वीचे ठरते. गावाचे नाव आणि साल फाइलच्या नावातच लिहून ठेवणे सर्वांत पक्के.

जपणूक हा या छंदाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आग्फाच्या काळातील कृष्णधवल प्रती ट्रंकेत साठ वर्षे टिकल्या. २००५ च्या लग्नांची चित्रे मात्र बिघडलेल्या हार्ड डिस्कमध्ये आणि ओरखडे पडलेल्या सीडींवर अडकून पडली आहेत. त्या पिढीतल्या किती घरांत बाळाच्या बारशाचे एकही छायाचित्र उरलेले नाही, हे विचारून पाहावे. चित्रे दोन वेगवेगळ्या जागी ठेवावीत. त्यातील एक जागा घराबाहेरची असावी. आणि दरवर्षी निवडक पंचवीस-तीस चित्रे छापून, पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. शाईचे डाग पुढच्या चित्रावर उमटतात.

जुना कॅमेरा विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम, कारण ते सेल जिंतूरच्या बसस्थानकावरही मिळतात. खास आकाराची बॅटरी लागत असेल तर ती मिळते का, हे आधीच विचारावे. दुसरे म्हणजे मेमरी कार्ड. २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे दोन गिगाबाइटपर्यंतचे साधे एसडी कार्डच ओळखतात. आजचे मोठे कार्ड घातले की ‘कार्डात दोष’ असा संदेश येतो आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो. एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागणारे कॅमेरे, कार्ड सोबत मिळत नसेल तर टाळावेत. तिसरे, चालू-बंद करून भिंगाची नळी न अडखळता बाहेर येते का ते पाहावे. उन्हाळ्यातील वावटळीची बारीक धूळ हीच या नळीची मोठी शत्रू. शेतात कॅमेरा वापरून झाला की लगेच बंद करून पिशवीत ठेवावा. उन्हात उभ्या मोटारीत तो कधीही ठेवू नये. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि बॅटरी बाहेर काढून ठेवावी. दर पंधरा दिवसांनी तो बाहेर काढून पाच-दहा चित्रे घेतली, तर नळीही मोकळी राहते.