मुरलीकांत पेटकर

मुरलीकांत राजाराम पेटकर (जन्म : १ नोव्हेंबर १९४४) हे भारतीय सैन्यातील माजी जवान व दिव्यांग जलतरणपटू होत. पॅरालिम्पिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय आहेत. १९७२ साली मिळविलेल्या या पदकाची अर्जुन पुरस्काराने दखल घेतली जाण्यास जानेवारी २०२५ उजाडावे लागले. त्यामुळे दिव्यांग खेळाडूंना समान मान मिळावा या मागणीच्या इतिहासात त्यांचे नाव महत्त्वाचे ठरते.

जीवन

पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात पेठ या गावी झाला. सैन्याच्या ईएमई दलात असताना ते मुष्टियोद्धा म्हणून पुढे आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक मणक्यात रुतून राहिली व कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. मुष्टियुद्ध सुटले आणि पाण्यात नवा खेळ सापडला. पुढे त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली.

क्रीडा कारकीर्द

१९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी त्यांनी जिंकली. दिव्यांग खेळाडूंना परदेशी पाठविण्याची शासकीय व्यवस्था तेव्हा जवळपास नव्हतीच. माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने पेटकर यांच्या प्रवासाला साहाय्य केले, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. १९७० मध्ये एडिंबरा येथील दिव्यांगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक पटकाविले.

१९७२ ची स्पर्धा तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाली. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४८ साली जे सामने सुरू केले, त्यांतूनच ही स्पर्धा वाढली. पेटकर हे या परंपरेत नेमके बसणारे खेळाडू होते. ५० मीटर मुक्तशैली प्रकारात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले. भालाफेक व चाकाच्या खुर्चीवरील अडथळ्यांच्या शर्यतीतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. त्या वर्षी भारताला मिळालेले हे एकमेव पदक होय.

मान्यतेचा प्रश्न

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. पेटकर यांनी १९८२ मध्ये त्यासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. दिव्यांगांना समान संधी देणारा कायदा त्या काळी देशात नव्हता. पहिला कायदा १९९५ साली संमत झाला. खेळातील सहभागाची तरतूद स्वतंत्र कलमाने (कलम ३०) करणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. म्हणजे पेटकर यांनी अर्ज केला तेव्हा ज्यावर बोट ठेवावे असे एकही कलम त्यांच्या हाती नव्हते. हाती होते ते फक्त पदक.

उपेक्षेचे हे उदाहरण या परिसरात एकटे नाही. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. पेटकर यांच्या बाबतीत मात्र विस्मरण अधिक गाढ होते. वैयक्तिक सुवर्णाचा पहिला मानकरी कोण, या सामान्यज्ञानाच्या प्रश्नाला विद्यार्थी अभिनव बिंद्रा (२००८) असे उत्तर देतात. ऑलिंपिकपुरते ते बरोबरच आहे. परंतु त्याच्या ३६ वर्षे आधीच्या पॅरालिम्पिक सुवर्णाविषयी प्रश्नच सहसा विचारला जात नसे.

२०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जीवनावर आधारित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट (दिग्दर्शक : कबीर खान) १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि हे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. चित्रपटातील प्रसंग मात्र चरित्राचा पुरावा म्हणून वापरू नयेत.

नंतरची वाटचाल

पेटकर यांच्यानंतर भारताला पॅरालिम्पिकमधील दुसरे सुवर्ण मिळण्यास ३२ वर्षे लागली. २००४ साली अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी ते भालाफेकीत मिळविले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत भारताची पदकसंख्या २९ वर गेली. त्यांतील गोळाफेकीचे (एफ ४६) रौप्यपदक १६.३२ मीटर फेक करणाऱ्या सचिन सर्जेराव खिलारी यांचे. ते सांगली जिल्ह्यातीलच करगणी (ता. आटपाडी) या गावचे होत. २०२४ च्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत खिलारी यांचे नाव होते. त्याच यादीत, जीवनगौरव विभागात, ऐंशी वर्षांचे पेटकरही होते. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात हे पुरस्कार प्रदान करण्यात आले.